भरती-ओहोटीची वही

चोडणच्या धक्क्यावर रेंजच्या दोन कांड्या,
मधल्या पात्रात एकही नाही.
रायबंदर आलं की फोन पुन्हा जिवंत होतो
आणि त्याच्यातला तो माणूस.

सोमवारी तो अमित होता, बुधवारी सुमित.
सकाळी सहा-पंचवीसला: "सगुण कुंडईकर ना? लाज वाटते का?"
मी दोर खुंट्याला घालत होतो.
ओला दोर एका हाताने घालता येत नाही,
तरी घातला,
हो साहेब, हो साहेब म्हणत.

तीन हप्ते थकलेत, खोटं कशाला बोलू.
खोर्लीची कंपनी बंद पडली, सुनंदाचा पगार गेला.
घराचं कर्ज दोन खांद्यांवर ठेवलेलं.
एकाने खांदा काढला की ओझं कुठे जातं
ते पालखी वाहणाऱ्याला विचारा.

मग त्याने पोदेराला फोन केला.
दुसऱ्या दिवशी पोदेराने पाव मोजून दिले,
नजर दिली नाही.
मग शर्वाणीच्या वर्गाच्या बाईंना.
मग रात्री सव्वादहाला, मला:
"उद्या कुलूप लावू. सामान अंगणात काढू, तुळशीसकट."
त्या रात्री मी घरातल्या वस्तू मोजल्या,
कुठली किती जणांना उचलावी लागेल.

एकदा चुकून स्पीकर चालू झाला.
सगळ्या फेरीबोटीने ऐकलं आणि पाण्याकडे पाहिलं.
आवेलिनाबाय तेवढ्या स्कूटरींमधून वाट काढत आल्या,
म्हापशाच्या बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या,
हातात बांगड्यांची पिशवी, म्हणजे मासळी, बांगडे.
देणं किती, ते विचारलं नाही.
"पहिला फोन किती वाजता करतो रे?"

"आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही.
शिवी नाही. पोदेराला नाही, पोरीच्या बाईंना तर नाहीच.
नाव विचार, ओळखपत्र विचार, बँकेचं पत्र विचार.
आणि कुलूप असं फोनवरून लागत नाही, बाबा.
आधी लेखी नोटीस, मग साठ दिवस,
त्यात तुझं म्हणणं लिहून दे, त्यांना उत्तर द्यावं लागतं.
बँकेकडे तक्रार कर. महिनाभर गप्प बसली तर लोकपाल.
पैसे मात्र द्यावे लागतील हां, ते विसरू नको."

माझ्याकडे एक वही आहे, पाण्याच्या वेळांची.
तिच्या समासात लिहायला लागलो.
भरती ५.४२. फोन ६.२५, 'लाज'.
ओहोटी ११.५०. फोन ११.०४, नीट बोलला.
भरती १८.१०. फोन २२.१५, 'तुळशीसकट'.

आमच्या खाजनाला मानस आहे, लाकडी दारांची.
भरती चढली की पाण्याच्याच जोराने मिटते.
नदीला कोणी नाही म्हणत नाही,
फक्त आत यायची तिची वेळ असते.
लहानपणापासून ते दार बघतोय.
घरालाही असं दार असतं
हे कोणी सांगितलंच नव्हतं.

काल सात-चाळीसला वाजला.
"आठनंतर करा," म्हटलं आणि ठेवला.
हातात दोर नव्हता, तरी हात ताणलेला.
आठ वाजून दोन मिनिटांनी पुन्हा.
"तुमचं पूर्ण नाव सांगा. लिहून घेतोय."

तिकडे गप्प.
त्या गप्पपणाच्या मागून ऐकू आले
कितीतरी आवाज, लाज वाटते का, लाज वाटते का,
कुणाकुणाला.
"पूर्ण नाव कशाला?" आवाज एकदम पोरगेला.
मग हळूच, "आम्हालापण टार्गेट असतं, काका."
मी तेही लिहिलं. वेळ घातली.

बँकेत अर्ज दिला, पोचशिक्का घेतला.
मुदत वाढवून देतील की नाही, कळलेलं नाही.
सुनंदा काजूच्या कारखान्यात विचारून आली.
पोदेर अजून नजर देत नाही.

आज मधल्या पात्रात वही काढली.
उद्याची भरती ६.३१.
समास कोरा सोडला.